ताप गेला, पण लेकरू बदललं: जंतुसंसर्गानंतरचे मेंदू-मनाचे आजार आणि प्रतिकारशक्तीवरचे उपचार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी लहान मुलांचा दवाखाना चालवतो. बीड, परभणी, धाराशिव, नांदेडकडून आई-बाप फोनवर बोलून पाठवतात, जुन्या चिठ्ठ्यांचे फोटो टाकतात, लेकराचा व्हिडिओ पाठवतात. गावं वेगळी असली तरी प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. आपला प्रश्न शोधून तेवढाच वाचला तरी चालेल. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी आधी वाचावी. लेकराला झटके आले, ते गुंगीत गेलं, दिवसभर पाण्याचा घोटही घेत नसेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर हे पान बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.

१. परवापर्यंत लेकरू चांगलं होतं. ताप येऊन गेला अन् आता सारखं हात धुवायलंय, रात्री एकटं झोपत नाही. हे काय असू शकतं?

मी पहिला प्रश्न विचारतो तो तारखेचा. "कधीपासून?" म्हटल्यावर आई "हळूहळूच झालं, दिवाळीपासून असंल" म्हणाली, तर माझा विचार एका दिशेनं जातो. "गुरुवारी शाळेतून आला तो असाच आला" असं वार सांगून म्हणाली, तर दुसऱ्या दिशेनं. मंत्रचळ, म्हणजे तेच तेच धुणं, मोजणं, पुन्हा पुन्हा विचारणं, बहुतेक मुलांत हळूहळू वाढत जातं. डोळे मिचकावणं, मान झटकणं हेही तसंच. पण काही मुलांत हे सगळं एक-दोन दिवसांत, वीज पडावी तसं येतं. सोबत भीती, चिडचिड, जेवण टाकणं, अक्षर बिघडणं, गादी ओली करणं, घडीघडी लघवीला जाणं असतं. अशा वेळी अलीकडे झालेल्या संसर्गाचा आणि प्रतिकारशक्तीच्या गोंधळाचा विचार करावा लागतो.

त्यातही शक्यता अनेक असतात: पॅन्डास किंवा पॅन्स (प्रश्न २), सिडनहॅम कोरिया (प्रश्न ६), मेंदूचा ऑटोइम्यून दाह, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटून येणारी सूज (प्रश्न १०) आणि काही वेगळेच आजार (प्रश्न १७). दवाखान्यात येण्याआधी दोन कामं करा. लेकराचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि त्याची दोन महिन्यांपूर्वीची व आजची वही सोबत आणा. या दोन गोष्टींनी मला कितीतरी वेळा महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त सांगितलं आहे.

२. पॅन्डास आणि पॅन्स म्हणजे नेमकं काय? दोन्ही एकच का?

पॅन्डास हे नाव आधीचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉ. सुझन स्वीडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली अशा पहिल्या ५० मुलांचं वर्णन छापलं. तीन वर्षं ते वयात येण्याआधीचा काळ, मंत्रचळ किंवा झटक्यांसारख्या हालचाली, अचानक सुरुवात, चढ-उतार आणि घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस (थोडक्यात स्ट्रेप) जंतूशी जुळणारी वेळ, अशी त्याची ओळख आहे.

पुढे लक्षात आलं की असाच अचानक बदल झालेल्या काही मुलांत स्ट्रेपचा पुरावा सापडत नाही. म्हणून २०१२ मध्ये पॅन्स हे मोठं छत्र मांडलं गेलं. त्यात अचानक आलेला मंत्रचळ किंवा अचानक खाणं टाकणं मुख्य धरतात आणि सोबत सात गटांपैकी किमान दोन लक्षणं लागतात: भीती, मन हेलकावणं किंवा उदासी, राग, लहान बाळासारखं वागणं, अभ्यासात घसरण, हालचालीत किंवा संवेदनेत बदल, आणि झोप-लघवीच्या तक्रारी. कारण कोणतंही असू शकतं. पण दुसरा कोणता आजार या लक्षणांचा उलगडा करत नाही हे पाहिल्याशिवाय पॅन्सचं नाव लिहायचं नसतं. नेमकी हीच पायरी घाईत गळते.

३. घशातल्या जंतूचा मेंदूशी काय संबंध?

स्ट्रेप्टोकॉकसच्या अंगावरचे काही भाग आपल्या शरीरातल्या भागांसारखे दिसतात. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करतं आणि त्यातली काही चुकून आपल्याच पेशींना धरतात. हृदयाच्या झडपांना धरलं तर ऱ्हुमॅटिक हृदयविकार होतो. मेंदूच्या आत खोलवर हालचाल आणि सवयी सांभाळणारे पुंजके आहेत, त्यांना धरलं तर हालचाली आणि वागणं बिघडतं. कोरियामध्ये या साखळीचा पुरावा बराच भक्कम आहे. पॅन्डासमध्ये तीच साखळी असावी असा तर्क आहे, पण प्रत्येक मुलात ती दाखवता येत नाही. उपचारांचे सगळे वाद या एका फरकातून निघतात, म्हणून तो लक्षात ठेवा.

४. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे. सर म्हणतात शाळा बुडवायला नाटक करतंय. आम्ही कुणाचं ऐकावं?

लेकराचं ऐका. रात्री अकरा वाजता साबण लावून लावून कातडी सोललेल्या हातांकडे पाहा. आठ वर्षांचं मूल इतकं नाटक महिनाभर, झोपेचं खोबरं करून, कुणी बघत नसतानाही करू शकत नाही. बऱ्याच मुलांना स्वतःला कळत असतं की हे वेड्यासारखं आहे. थांबवता येत नाही म्हणून ती लपून रडतात. "कर ना बंद" म्हणून मारलं की भीती वाढते, आणि भीती वाढली की धुणंही वाढतं.

घरच्यांच्या श्रद्धेशी मी भांडत नाही. देवीला जाऊन या, अंगारा लावा, नवस बोला. माझं मागणं एवढंच असतं की आधी दवाखान्यात या आणि चालू औषध कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. आणि भूत उतरवायचं म्हणून कुणी लेकराला मारायला, बांधायला, धुरी द्यायला लागलं तर तिथून उठून या. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

५. एएसओ तपासणी ४०० आली. म्हणजे पॅन्डास नक्की ना?

नाही. एएसओ ही रक्तातल्या स्ट्रेपविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी. ती एवढंच सांगते की गेल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शरीराची स्ट्रेपशी गाठ पडली होती. भरलेल्या वर्गात, एका खोलीत पाच-सहा जण झोपणाऱ्या घरात राहणाऱ्या कितीतरी ठणठणीत मुलांचा एएसओ वाढलेला असतो. उलट कोरिया घशाच्या संसर्गानंतर सहा महिन्यांनीही येतो, तोवर एएसओ खाली उतरलेला असू शकतो. म्हणजे वाढलेल्या आकड्यानं आजार सिद्ध होत नाही आणि साध्या आकड्यानं तो नाकारताही येत नाही.

संसर्ग झाल्यावर एएसओ साधारण तीन ते पाच आठवड्यांत शिखराला जातो. म्हणून एकापेक्षा दोन आकड्यांना अर्थ जास्त: सुरुवातीचा एक आणि काही आठवड्यांनंतरचा दुसरा. घसा आत्ता दुखत असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घशाचा स्वॅब द्या. आपल्याकडे हे फार कमी वेळा होतं, कारण येईपर्यंत दुकानातून गोळी घेऊन झालेली असते.

मेंदूविरुद्धच्या प्रतिपिंडांचं एक पॅनेल परदेशात पाठवून करून घ्यावं का, असंही काही जण विचारतात. २०१७ मधल्या स्वीडनच्या अभ्यासात ते पॅनेल निरोगी माणसांतही सर्रास दोष दाखवत होतं. त्यावर पैसे घालवू नका, असा माझा सल्ला.

६. पोरीचे हातपाय आपोआप हलायलेत, पेला हातातून पडतो, बोलणं जड झालंय. हेही पॅन्डासच का?

ही हालचाल सिडनहॅम कोरियाची असण्याची शक्यता जास्त आहे, आणि आपल्या भागात मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. थॉमस सिडनहॅमनं १६८६ मध्ये त्याचं वर्णन केलं. स्ट्रेपच्या घसादुखीनंतर हृदय, सांध्यांना धरणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाचाच तो एक चेहरा आहे. साधारण ५ ते १५ वयात येतो, मुलींत जास्त. हात-पाय-चेहरा नाचल्यासारखे हलतात, झोपेत थांबतात. जीभ बाहेर काढून ठेव म्हटलं तर ती आत-बाहेर होते. माझी दोन बोटं घट्ट धर म्हटलं तर पकड सैल-घट्ट, सैल-घट्ट होते, गाईची धार काढावी तशी. हालचाल दिसण्याआधी काही आठवडे रडणं, चिडणं, मंत्रचळ असतो, म्हणूनच ते पॅन्डाससारखं वाटतं.

केज तालुक्यातली एक नऊ वर्षांची मुलगी मला आठवते. वहीवर अक्षर रेषेबाहेर जायला लागलं म्हणून तिला दोन महिने मार बसला. माझ्याकडे आली तेव्हा मीही पहिल्या भेटीत "अशक्तपणा" लिहून टॉनिक दिलं. दुसऱ्या भेटीत तिनं पाण्याचा पेला तोंडाला लावताना सांडला, आणि तेव्हा माझे डोळे उघडले. एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडप गळत होती. तेव्हापासून अक्षर बिघडलेल्या प्रत्येक मुलाची जीभ आणि पकड मी पाहतोच.

कोरिया दिसला की हृदयाचा एको व्हायलाच हवा, स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नसलं तरी. हालचाली त्रासदायक असतील तर त्यांच्यासाठी औषधं आहेत, जोरात असतील तर स्टेरॉईडनं त्या लवकर आटोक्यात येतात. पण सगळ्यात मोलाचं औषध सगळ्यात स्वस्त आहे: बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, साधारण दर २१ दिवसांनी. ते हलणारे हात थांबवत नाही. पुढच्या घशाच्या संसर्गानं झडप आणखी खराब होऊ नये म्हणून ते असतं.

७. कोरिया थांबला. तरी इंजेक्शन किती वर्षं? आणि आम्ही ऊसतोडीला जातो, तिकडे कोण देणार?

हृदयाला धक्का लागला नसेल तर निदान ५ वर्षं किंवा वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत, यातलं जे उशिरा येईल तोवर. झडपेला इजा असेल तर त्याहून बरीच जास्त वर्षं, कधी आयुष्यभर. हालचाल थांबली म्हणून इंजेक्शन थांबवलेली मुलं चार-पाच वर्षांनी दम लागून परत येतात. हे पाहणं फार जड जातं, कारण ते टाळता आलं असतं.

ऊसतोडीचा प्रश्न खरा आहे. दसरा-दिवाळीला गाडी निघते आणि पाडव्याच्या आसपास परत येते, म्हणजे आठ-नऊ इंजेक्शनं फडावरच येतात. निघण्याआधी डॉक्टरांकडून एका कागदावर आजाराचं नाव, औषधाचं नाव, डोस, शेवटच्या इंजेक्शनची तारीख आणि ॲलर्जी नसल्याची नोंद सहीनिशी घ्या. मोबाईलमध्ये त्याचा फोटो ठेवा. कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पहिल्याच आठवड्यात जाऊन तो दाखवा, तारीख उलटून जायची वाट पाहू नका. रिॲक्शनच्या भीतीनं काही ठिकाणी हे इंजेक्शन द्यायला नाही म्हणतात. तसं झालं तर मोठ्या सरकारी रुग्णालयात जा, आणि तोवर पेनिसिलिनच्या रोजच्या गोळ्या चालतील का हे फोनवर विचारून घ्या. आजी-आजोबा गावी असतील तर लेकराला त्यांच्याकडे ठेवल्यानं शाळा आणि इंजेक्शन दोन्ही टिकतात.

८. आयव्हीआयजी म्हणजे काय? ते रक्त असतं का?

पूर्ण रक्त नसतं. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून (रक्तातल्या पातळ भागातून) वेगळी काढलेली, जंतुनाशक प्रक्रिया केलेली प्रतिपिंडं असतात, सलाईनसारखी शिरेतून देतात. मेंदूच्या दाहात एकूण मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला साधारण २ ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत विभागून. म्हणजे २० किलोच्या मुलाला ४० ग्रॅम, ५ ग्रॅमच्या आठ बाटल्या. बाहेरून आलेली ही प्रतिपिंडं आपल्या बिघडलेल्या प्रतिपिंडांचा जोर अनेक वाटांनी कमी करतात.

डोकेदुखी, ताप, उलटी सामान्य आहेत आणि हळू सोडल्यावर कमी होतात. क्वचित मेंदूच्या आवरणाला सूज, रक्ताची गाठ, मूत्रपिंडाला त्रास किंवा गंभीर ॲलर्जी होऊ शकते. म्हणून हे रुग्णालयातच द्यायचं, घरी नाही.

९. आयव्हीआयजीनं पॅन्डास बरा होतो का? एका ठिकाणी लगेच भरती करा म्हणालेत.

या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी बसवून, चहा मागवून देतो, कारण समोर बसलेले आई-बाप दागिना मोडायच्या बेतात असतात.

१९९९ मध्ये एक प्रयोग छापून आला. पूर्ण करणारी मुलं २९. काहींचा प्लाझ्मा बदलला (प्रश्न १४), काहींना आयव्हीआयजी दिलं, काहींना नुसतं खारं पाणी. महिन्याभरानं पहिल्या दोन गटांतला मंत्रचळ बराच उतरला होता, खाऱ्या पाण्याच्या गटात जवळजवळ फरक नव्हता. सगळीकडे आशा पसरली ती इथून. मग २०१६ मध्ये ३५ मुलांवर काटेकोर प्रयोग झाला: निम्म्यांना आयव्हीआयजी, निम्म्यांना बनावट, आणि कुणाला काय दिलं हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांतला फरक खात्रीनं सांगण्याइतका नव्हता.

एकीकडे २०१७ मध्ये या आजारावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटानं उपचाराची दिशा छापली. तिच्यात लक्षणं तीव्र किंवा जीवघेणी असतील तर आयव्हीआयजीचा विचार करावा असं आहे. दुसरीकडे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं डिसेंबर २०२४ च्या अहवालात पुरावा अपुरा असल्याचं सांगून सरसकट वापराला पाठिंबा दिलेला नाही.

माझं मत असं. लेकरू शाळेत जातंय, जेवतंय, पण हात धुतंय आणि चिडतंय, अशा वेळी आयव्हीआयजीसाठी कर्ज काढू नका. घशातला संसर्ग असेल तर तो बरा करा, वर्तनोपचार (प्रश्न १६) सुरू करा, काही आठवडे पाहा. पुष्कळ मुलं या काळात सावरतात. खाणं पूर्ण बंद, वजन झपाट्यानं घटतंय, जिवाला धोका, अशा मुलासाठी मेंदूविकारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनी मिळून निर्णय घ्यावा. पाठीतलं पाणी, एमआरआय, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) यांचा विचारही न करता "आजच बाटल्या आणा" म्हणत असतील, तर दुसरं मत घ्या. दुसरं मत घेणं हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. मी स्वतः माझ्या रुग्णांना ते घ्यायला सांगतो.

१०. मग कोणत्या आजारात हे उपचार लागतातच?

मेंदूच्या ऑटोइम्यून दाहात. त्यातला सर्वात ओळखीचा एनएमडीए रिसेप्टर या मेंदूच्या पेशींवरच्या भागाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा, ज्याचं वर्णन २००७ मध्ये डॉ. जोसेप डालमाऊ यांच्या गटानं केलं. सुरुवात वागण्यातूनच होते: झोप उडते, ओरडणं, असंबद्ध बोलणं. मग बोलणं कमी होत बंद पडतं, तोंड चघळल्यासारखं हलतं, झटके येतात, मूल ताठतं. घरचे आधी मांत्रिकाकडे, मग मनोरुग्णालयात जातात आणि मोलाचे आठवडे जातात.

इथे मी अजिबात थांबा म्हणत नाही. पाठीतलं पाणी आणि रक्त प्रतिपिंडांच्या तपासणीला पाठवतात. अहवाल यायला दिवस लागतात, म्हणून मेंदूचा संसर्ग, विशेषतः टीबी आणि नागिणीच्या कुळातला हर्पिस विषाणू, पडताळून संशय पक्का असेल तर उपचार आधीच सुरू करतात: तीन ते पाच दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड, सोबत आयव्हीआयजी किंवा प्लाझ्मा बदलणं, फरक न पडल्यास रिटक्सिमॅब (प्रश्न १४). मुलींत अंडाशयाची गाठ आहे का हेही पाहतात, कारण गाठ काढल्याशिवाय आजार हटत नाही. ५७७ रुग्णांच्या २०१३ मधल्या अभ्यासात दोन वर्षांनी दर पाचांतले जवळपास चार जण चांगले सावरले होते, आणि लवकर उपचार मिळालेले जास्त. सावरणं मात्र महिन्यांनी मोजायचं असतं.

हर्पिसचा मेंदूज्वर बरा होऊन घरी आलेलं मूल काही आठवड्यांत पुन्हा वेडंवाकडं हलायला, वागायला लागलं, तर "जुनाच आजार उलटला" म्हणून बसू नका. त्याच्या मागून ऑटोइम्यून दाह येऊ शकतो.

११. स्टेरॉईडची गोळी दिली अन् चार दिवसांत फरक पडला. चालूच ठेवू का?

मनानं चालू ठेवू नका आणि मनानं एकदम बंदही करू नका. पॅन्समध्ये छोट्या कोर्सनं भडका लवकर उतरल्याची निरीक्षणं आहेत, काटेकोर प्रयोगांचा आधार तोकडा आहे. काही मुलांत स्टेरॉईडनंच चिडचिड आणि निद्रानाश वाढतो. सुरू करण्याआधी घरात कुणाला टीबीचा खोकला आहे का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. लेकराला कांजिण्या झालेल्या नसतील आणि शेजारी कुणाला आल्या असतील तर तेही. दोन-तीन आठवड्यांवर चाललेली गोळी उतरत्या क्रमानंच थांबवायची असते.

१२. नुसत्या आयब्युप्रोफेननं जमेल का?

सौम्य भडक्यात काही डॉक्टर थोडे दिवस देतात. पुरावा निरीक्षणांपुरता आहे. उपाशीपोटी देऊ नका, पाणी कमी पिणाऱ्या मुलाला देऊ नका, डेंग्यूचा संशय असेल तर अजिबात नाही.

१३. अँटिबायोटिक वर्षभर द्यायचं का?

घशात स्ट्रेप सापडला तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचा पूर्ण दहा दिवसांचा कोर्स, यावर कुणाचंही दुमत नाही. तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून पुडी ठेवून देऊ नका.

वर्षभराच्या प्रतिबंधक अँटिबायोटिकचा प्रश्न वेगळा. कोरिया आणि ऱ्हुमॅटिक तापात ते हवंच (प्रश्न ७). पॅन्डासमध्ये झालेले प्रयोग छोटे आहेत आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. स्ट्रेपमुळे वारंवार भडका उडतो हे स्वॅबनं दिसलेलं असेल, तर मी विचार करतो. नुसत्या संशयावर नाही. ॲझिथ्रोमायसिन तर मुळीच लांबवू नये. त्यानं हृदयाच्या ठोक्यांत गडबड होऊ शकते आणि जंतू सरावतात.

१४. प्लाझ्मा बदलणं आणि रिटक्सिमॅब कधी?

प्लाझ्मा बदलताना मोठ्या शिरेत नळी घालून रक्त यंत्रातून फिरवतात आणि दूषित प्लाझ्मा काढून टाकतात. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागातच हे जमतं. रिटक्सिमॅब प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या मुळावर जातं, त्याचा परिणाम महिनोन्‌महिने राहतो. आधी कावीळ ब आणि टीबीची तपासणी हवी. दोन्ही गोष्टी सिद्ध झालेल्या किंवा पक्क्या संशयाच्या मेंदूदाहासाठी आहेत.

१५. टॉन्सिल काढून टाकले तर?

फक्त पॅन्डाससाठी नको, फायदा सिद्ध नाही. टॉन्सिल काढायची नेहमीची कारणं असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञ सांगतील.

१६. आजार प्रतिकारशक्तीचा आहे ना? मग मानसोपचारवाल्यांकडे कशाला?

कारण काहीही असो, लेकराचा त्रास आज चालू आहे. मंत्रचळावर सगळ्यात पक्का पुरावा वर्तनोपचाराला आहे: भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि धुण्याची, विचारण्याची ओढ येऊ देऊन ती रोखायला शिकायचं. गरज पडली तर गोळ्या, पण या मुलांना अगदी छोट्या मात्रेनं सुरुवात करतात. मोठ्या मात्रेनं काही मुलं अधिक बिथरतात. घरच्यांना यात एक अवघड काम असतं. "माय, माझ्या हाताला काही लागलं नाही ना?" असं लेकरू पन्नासदा विचारतं. एकावन्नाव्यांदा उत्तर न देता मायेनं शेजारी बसायचं. ते कसं करायचं हे शिकवणारा माणूस जवळ नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

१७. असंच दिसणारे, पण या उपचारांनी बरे न होणारे आजार कोणते?

दोन तरी डोक्यात ठेवा. पहिला एसएसपीई, गोवराच्या विषाणूनं कित्येक वर्षांनी होणारा मेंदूचा आजार. लहानपणी, विशेषतः दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलात साधारण सहा-आठ वर्षांनी अभ्यासात घसरण, विसराळूपणा आणि मग चालता चालता एकदम झटका बसून पडणं असं येतं. ईईजी आणि पाठीतल्या पाण्यातल्या गोवराच्या प्रतिपिंडांनी तो ओळखतात. आयव्हीआयजी दिल्यानं तो जात नाही. गोवर-रुबेलाच्या दोन लशी त्याला रोखतात, आणि वाडी-तांड्यावर डोस चुकलेलं मूल दिसलं की माझा जीव कासावीस होतो तो यासाठी. दुसरा विल्सन, शरीरात तांबं साठण्याचा आजार: वागण्यात बदल, हात थरथरणं, बोलणं जड होणं, आधी कधी होऊन गेलेली कावीळ. त्यावर औषध आहे, पण ते वेगळं आहे. डोळ्यांची विशेष तपासणी आणि रक्त-लघवी यांवरून कळतं.

यासाठीच एक व्यवहाराची गोष्ट: लागणाऱ्या सगळ्या रक्ततपासण्या आयव्हीआयजीच्या आधी द्या. बाटल्यांतून दुसऱ्यांची प्रतिपिंडं आल्यावर गोवर, कावीळ ब यांचे प्रतिपिंड-अहवाल काही काळ फसवे येतात.

१८. आयव्हीआयजीनंतर लशी कधी द्यायच्या?

गोवर-रुबेला, कांजिण्या या जिवंत लशी किलोला २ ग्रॅमच्या मात्रेनंतर ११ महिने पुढे ढकलतात, नाहीतर त्या लागू पडत नाहीत. धनुर्वातासारख्या मृत लशींना अडचण नाही. तोंडावाटेच्या पोलिओ डोसाला आयव्हीआयजीचा अडसर नाही, पण स्टेरॉईड किंवा रिटक्सिमॅब चालू असेल तर कोणतीही जिवंत लस विचारल्याशिवाय नको. आशाताईंना हे कार्डावर लिहून द्या. नाहीतर शाळेच्या मोहिमेत चुकून लस दिली जाते.

१९. मराठवाड्यात कुठे जायचं, आणि खर्चाचं काय?

सुरुवात जवळच्या बालरोगतज्ज्ञांपासून करा. पुढे छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं विलासराव देशमुख आणि नांदेडचं शंकरराव चव्हाण ही शासकीय महाविद्यालयं आहेत. तिथे बालरोग आणि मानसोपचार दोन्ही विभाग एका छताखाली मिळतात. गुंतागुंतीच्या आजारासाठी आपली माणसं पुणे-मुंबईला, नांदेड-लातूरकडची हैदराबादला जातात. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत मेंदूच्या प्रतिपिंडांच्या तपासण्या होतात. मूल नेण्याजोगं नसेल तर नमुना पाठवता येईल का, हे आधी विचारा.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ठरलेल्या उपचारांच्या यादीप्रमाणे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीच्या दिवशीच रेशनकार्ड दाखवून विचारा, बिल झाल्यावर नाही. मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. शाळा-अंगणवाडी तपासणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकालाही सांगा, त्यांच्यामार्फत पुढे पाठवलं जातं.

२०. बाटल्या बाहेरून आणायला सांगितल्यात. उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी?

बहुतेक बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. एप्रिल-मे मध्ये एसटीच्या फळीवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवून आणू नका. थर्मासच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या, मध्ये कापडाची घडी, मग बाटली. बर्फाला टेकून गोठलेली बाटली निकामी होते. पक्कं बिल घ्या आणि बॅच क्रमांक फाईलमध्ये चिकटवा.

२१. शाळेत काय सांगू?

गुरुजींना खरं सांगा आणि डॉक्टरांची चिठ्ठी द्या. लघवीला जाऊ देणं, लिहायला जास्त वेळ, चिडवणाऱ्यांपासून संरक्षण, एवढं मागा. वर्गात घसा दुखणारी मुलं वाढली की तुम्हाला कळवायला सांगा.

२२. बरं झालं होतं. सहा महिन्यांनी सर्दी झाली अन् पुन्हा सगळं सुरू झालं. पुन्हा पहिल्यापासून का?

पुन्हा भडका उडणं हा या आजाराचा स्वभाव आहे, आणि प्रत्येक भडका पहिल्याइतका मोठा असतोच असं नाही. साध्या सर्दीनंही लक्षणं वर येऊ शकतात, म्हणून लगेच अँटिबायोटिक किंवा भरतीची घाई नको. घसा दाखवा, स्वॅब द्या, घरातल्या भावंडांपैकी कुणाचा घसा दुखतो का पाहा, वर्तनोपचारात शिकलेलं पुन्हा सुरू करा. पण नवं काही दिसलं, म्हणजे हात नाचणं, बोलणं बंद होणं, झटका, तर तो जुना भडका धरू नका, प्रश्न ६ आणि १० मधल्या तपासण्या पुन्हा करून घ्या.

एका वहीत ताप, घसा, लक्षणं, औषध आणि झोप तारखेनिशी लिहीत चला. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर खुणा करा: ताप आला तर लाल, हात धुणं वाढलं तर निळी. हिंगोलीच्या एका आजीनं असं वर्षभराचं कॅलेंडर गुंडाळी करून माझ्या टेबलावर ठेवलं होतं. नातवाचे तिन्ही भडके घराशेजारच्या मुलांच्या घसादुखीनंतर दोन-तीन आठवड्यांत आले होते. पुढच्या उपचाराचा निर्णय आम्ही त्या कॅलेंडरवरून घेतला.